पालेवाली केहिंदे

इग्बो-ओराच्या बाजारात "केहिंदे!" अशी हाक मारा,
अकरा माना वळतील.
म्हणून मी पालेवाली केहिंदे.
भेंडीचा पाला विकते. गावातल्या बाईला एक भाव,
लागोसहून मोटार करून आलेलीला दुसरा.

त्या खाली वाकून विचारतात,
"ह्यानंच होतात ना गं जुळी?"
मी मान हलवते.
माझी मान अशी हलते की
हो ऐकायला आलेलीला हो दिसतं.

मागे एक तपासनीस आला होता,
आमचं रक्त आणि सुरणासारख्या त्या आमच्या कंदाचं पीठ
बाटल्यांत भरून घेऊन गेला.
म्हणाला, जगात ऐंशीत एखादं जावळं,
तुमच्याकडे वीस-बावीसांत एक.
का, ते कळवतो.
अजून कळवलेलं नाही.
एक बाटली विसरून गेला, तिच्यात मी पामतेल ठेवते.

विसांत एक म्हणजे काय, ते मला विचारा.
माझी चारही एकेकटी आली,
प्रत्येकाच्या मागून मी सुईणीला म्हटलं, बघ जरा, अजून कुणी आहे का.
जावेला तीनदा जोडी.
पाला तोच, पातेलं तेच,
नवरे सख्खे भाऊ.

बँकेतली एबुन गेल्या पावसाळ्यात पाच जुड्या घेऊन गेली होती.
परवा आली. पाठीवर बांधलेलं पोर, एकच.
मला वाटलं, आता पैसे परत मागणार.
मी आधीच गल्ल्यावर गुडघा ठेवला.

ती बसली. पोराला पुढे घेतलं. म्हणाली,
"सहाव्या आठवड्यात पडद्यावर दोन ठिपके होते.
दोन. मी मोजले, डॉक्टरांनी मोजले, नवऱ्याने फोटो काढला.
बाराव्याला एकच.
रक्त नाही, कळ नाही, काही नाही.
डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळदा होतं,
पूर्वी बघायला यंत्र नव्हतं, एवढंच.
आता सांग, ह्याला काय म्हणू?
तायवो की केहिंदे?"

बाजारात तेव्हा कुणाची तरी शेळी टोमॅटोंत शिरली होती,
सगळे तिकडे ओरडत होते.

आमच्यात आधी जन्मतो तो तायवो, पण तोच धाकटा.
थोरला आत बसून त्याला धाडतो:
जा, जग चाखून बघ, गोड लागलं तर रड.
माझी तायवो रडली होती. फार जोरात, म्हणतात.
म्हणून तर मी आले.
नवव्या दिवशी ती निघून गेली,
आणि आईने सुताराकडून तिची वीतभर लाकडी बाहुली करून घेतली.
ती माझ्या टोपलीत असते, तळाशी, पाल्याखाली.
उन्हाळ्यात पाणी शिंपडते ते जुड्यांवर आणि तिच्यावर.

हे मी एबुनला सांगितलं नाही.
टोपली उपसली आणि दाखवली.
तिने अंगठ्याने बाहुलीच्या नाकावरून हात फिरवला,
नाक झिजून सपाट झालेलं,
साठ वर्षं आई आणि मी धूत आलो तिला.

"मग नाव?"

मी म्हटलं, नाव तुझ्या सासूला ठरवू दे,
तिलाही काहीतरी काम हवं.
पण चवळी शिजवशील तेव्हा वाट्या दोन काढ.
दुसरी कुणी खाल्ली, ते बघू नको.

पोर जागं झालं. माझ्या पाल्याचं एक पान ओढून
तोंडात घातलं, थुंकलं,
पुन्हा घातलं.

एबुनने उठताना तीन जुड्या मागितल्या.
"परत जुळ्यांसाठी?"
"नाही गं," म्हणाली, "सार आवडतं ह्याच्या बापाला."

मी गावचा भाव लावला.